आधी पावलं मोजा, मग मिलिमीटर: ठाणे-नवी मुंबईतल्या पक्ष्यांसाठी मोठी लेन्स घेताना

नेरुळच्या डीपीएस तलावाच्या काठावर दर हिवाळ्यात एकदा तरी हा संवाद होतो. शेजारी उभा असलेला मुलगा ५५-२५० एमएमच्या झूमने फ्लेमिंगोंचे फोटो काढत असतो. थोड्या वेळाने कॅमेऱ्याची स्क्रीन माझ्यापुढे करतो. चिखलावर गुलाबी ठिपके. "काका, किती एमएमची घेऊ? चारशे की सहाशे?" मी विचारतो, "ते पक्षी इथून किती पावलांवर आहेत?" तो गप्प होतो. कारण दुकानात, व्हिडिओत, मित्रांच्या ग्रुपवर सगळे मिलिमीटरचं बोलतात. पावलांचं कुणी बोलत नाही.

काठावर पाच मिनिटांत जे सांगून होत नाही ते इथे लिहितो आहे. तुमच्याकडे कॅमेरा आहे, ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी एखादी झूम आहे, आणि आता लांब पल्ल्याची लेन्स घ्यायची आहे, असं धरून चालतो. बजेट मध्यम आहे हेही. ६०० एमएम एफ/४ सारख्या लेन्सची (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त) किंमत दहा लाखांच्या पुढे जाते. तो रस्ता ज्यांना मोकळा आहे त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही.

१. दुकानाआधी जुने फोटो उघडा

गेल्या वर्षभरातले पक्ष्यांचे दोनेकशे फोटो काढून बसा. चांगले वेचू नका, सगळेच घ्या. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ (म्हणजे लेन्सचे मिलिमीटर), शटर स्पीड आणि आयएसओ दिसतो. वहीत चार रकाने आखा: जागा, फोकल लेंथ, शटर, आणि फोटो का फसला.

शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा. पक्षी लहान दिसतो म्हणून फसला, की हलला म्हणून? मी पहिल्यांदा ही यादी केली तेव्हा निम्म्याहून जास्त फोटो हात हलल्याने किंवा शटर कमी पडल्याने वाया गेलेले निघाले. त्याला लेन्सचा इलाज नव्हता. उलट लांब लेन्स हाताचा कंपही तेवढाच मोठा करून दाखवते. तुमच्याही यादीत 'हलला' जास्त वेळा आलं, तर खरेदी दोन महिने पुढे ढकला आणि आहे त्याच लेन्सवर शटर १/१००० च्या वर ठेवून बघा.

आणि जर बहुतेक फोटो झूमच्या शेवटच्या टोकालाच काढलेले असतील, स्पष्ट असतील, तरी पक्षी टिचभर असेल, तर हो, लेन्स बदलायची वेळ झाली आहे.

२. पावलांचं गणित

तुमच्या नेहमीच्या चालीचं एक पाऊल साधारण पाऊण मीटरचं असतं. खात्री करायची असेल तर सोसायटीच्या आवारात टेपने वीस मीटर मोजा आणि चालून बघा. पंचवीस ते अठ्ठावीस पावलं भरतील. दोन-चार दिवस जाता-येता विजेचे खांब, पार्क केलेल्या गाड्या, झाडं यांचं अंतर आधी अंदाजाने ठरवायचं आणि मग चालून पडताळायचं. आठवड्यात डोळा तयार होतो. पक्षी निरीक्षणालाही ही सवय जन्मभर पुरते.

आता गणित. समोरच्या दृश्याची किती रुंदी फ्रेममध्ये मावते, हे असं निघतं: सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले फोकल लेंथ. आपल्यापैकी बहुतेकांकडे क्रॉप सेन्सरचे, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचे, कॅमेरे असतात. निकॉन-सोनीत त्याची रुंदी साडेतेवीस मिलिमीटर, कॅननमध्ये किंचित कमी. वीस मीटरवर, ३०० एमएमला फ्रेममध्ये सुमारे १५७ सेंटीमीटर मावतात. ६०० ला त्याच्या निम्मे, ७८.

खाडीकाठच्या काठीवर बसलेला छोटा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत सोळा-सतरा सेंटीमीटरचा. म्हणजे ३०० ला तो फ्रेमच्या रुंदीचा दहावा भाग व्यापतो, ६०० ला पाचवा. चोवीस मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी सहा हजार पिक्सेल असते. त्यात खंड्याच्या वाट्याला एकदा सहाशे पिक्सेल आले, दुसऱ्यांदा बाराशे. मोबाइलवर बघायला आणि इन्स्टाग्रामला टाकायला बाराशे पुष्कळ. ए-फोर आकाराची चांगली प्रिंट काढायची तर पूर्ण पानाला साडेतीन हजार पिक्सेल लागतात, पण पान भरून नुसता पक्षी कशाला हवा? फांदी, पाणी, थोडी हवाही हवीच ना.

या गणितातून दोन गोष्टी कळतात. पहिली: ५०० आणि ६०० मध्ये फरक फक्त वीस टक्क्यांचा आहे. त्यासाठी झोप उडवू नका. २५० वरून ५०० वर जाणं म्हणजे दुप्पट, तो फरक डोळ्याला दिसतो. ३०० वरून ४०० वर जाण्यात मजा नाही. पैसे जातात आणि सहा महिन्यांनी पुन्हा हाच लेख वाचायची वेळ येते. दुसरी गोष्ट जास्त मोलाची: अंतर निम्मं केलं की लेन्स दुप्पट झाल्यासारखीच असते. दहा मीटरवर येऊ देणारा पक्षी ३०० ला तेवढाच मोठा दिसतो, जेवढा वीस मीटरवरचा ६०० ला. म्हणून चिखलाच्या काठाला खाली बसून, हालचाल न करता अर्धा तास थांबणं ही फुकटातली ३०० एमएम आहे. तुतारी आणि शेकाट्या स्वतःच चालत जवळ येतात. आपण त्यांच्याकडे चालत गेलो की उडतात.

३. तुमची जागा कोणती?

इथे जरा थांबून विचार करा, कारण आपल्याकडे अर्ध्या तासाच्या अंतरावर अगदी वेगवेगळी ठिकाणं आहेत आणि प्रत्येकाची मागणी वेगळी.

खाडी. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोटीने आत जाता येतं. बोटीची वेळ भरती-ओहोटी ठरवते आणि ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून 'गेल्या रविवारी सकाळी आठला गेलो होतो' या हिशोबाने निघू नका. बोटीतून थवा पन्नास-साठ मीटरवर असतो असं धरा. साठ मीटरवर, क्रॉप बॉडीवर, ४०० एमएमला फ्रेमची उंची सव्वादोन मीटरच्या वर भरते. लहान रोहित (फ्लेमिंगोची छोटी जात) उभा असला की नव्वद सेंटीमीटरच्या आतबाहेर. म्हणजे एक पक्षी फ्रेमची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उंची घेतो. थव्याला ४०० मस्त पुरते, एकट्यादुकट्याला ६०० लागते.

पण बोटीवर नुसती ६०० घेऊन जाणं किती महागात पडतं ते मी भोगलं आहे. एकदा मित्राची ६०० ची प्राइम उसनी आणली होती, झूम न होणारी. थवा अचानक उठला आणि आमच्या बोटीवरूनच गेला. पंचवीस मीटरवर त्या लेन्सच्या फ्रेमची रुंदी मीटरभरही नव्हती, आणि मोठ्या रोहितचे पसरलेले पंख दीड मीटरच्या आसपास. शेदीडशे फोटो निघाले. एकात पंख, एकात मान, एकात नुसते पाय. शेजारचे आजोबा ७०-३०० घेऊन आले होते, त्यांच्याकडे आख्खा थवा होता. म्हणून पहिली मोठी लेन्स झूमच घ्या. १५०-६००, २००-५००, २००-६००, १००-५०० यांपैकी काहीही चालेल, पण मागे येता आलं पाहिजे.

तलाव आणि पाणथळी. नेरुळ-सीवूड्सचा डीपीएस तलाव, टी. एस. चाणक्यच्या मागची पाणथळ, ठाण्यातला उपवन. खाडीला भरती आली, चिखल बुडाला, की फ्लेमिंगो विसाव्याला नेरुळकडच्या पाणथळींत येतात. इथे तुम्ही जमिनीवर स्थिर उभे असता, त्यामुळे ५००-६०० चा पुरेपूर उपयोग होतो. एक शत्रू मात्र आहे: उन्हाची झळ. सकाळी दहाच्या पुढे पाण्यावरून आणि तापलेल्या चिखलावरून गरम हवा उठते आणि लांबचा पक्षी तव्यावरच्या वाफेतून बघितल्यासारखा दिसतो. फोटो फोकसमध्ये असूनही मऊ येतो. लोक लेन्सला दोष देतात, सर्व्हिस सेंटरला पाठवतात. दोष हवेचा असतो आणि लेन्स जितकी लांब तितकी ती जास्त दाखवते. सूर्योदयापासून दोन-अडीच तास, मग घरी जाऊन मिसळ.

येऊर. इथे लांबीपेक्षा उजेड भारी पडतो. झाडीत पक्षी दहा-पंधरा मीटरवरच असतो, कारण त्यापलीकडे पानांमुळे दिसतच नाही. पण उजेड? मोकळ्या खाडीवर भर उन्हात आयएसओ ४००, एफ/५.६ ला १/३२०० सहज मिळतो. पावसाळ्यात येऊरच्या दाट छायेत, नवरंग जमिनीवर पाला उलटत असतो तेव्हा, आयएसओ ६४०० करूनही शटर १/२५० च्या फार वर जात नाही. तिथे एफ/६.३ ऐवजी एफ/११ असेल तर १/८० ला काम करावं लागेल आणि नवरंग काही तुमच्यासाठी पुतळा होऊन बसत नाही. स्वर्गीय नर्तक तर नाहीच.

कर्नाळ्याचा हिशोब येऊरसारखाच. तिथे पावसाच्या सुरुवातीला तिबोटी खंड्यासाठी गर्दी होते, त्याबद्दल एक बोलून घेतो: घरट्यापाशी तळ ठोकू नका, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवू नका. आई-बाप चोचीत पाल-सरडा धरून तासभर फांदीवर ताटकळतात आणि पिल्लं उपाशी राहतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लांब लेन्सचा खरा उपयोग लांब राहण्यासाठी आहे.

आणि घराची खिडकी. हसू नका. ग्रिलवरचा शिंजीर, समोरच्या पिंपळावरचा तांबट, पाइपावरचा पिंगळा. रोज सराव करायची हीच जागा. इथे बघायचं ते लेन्सचं किमान फोकस अंतर. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी २.८ मीटरच्या आत फोकस करत नाही, टॅमरॉनच्या १५०-६०० ची दुसरी आवृत्ती (जी-टू) आणि निकॉनची २००-५०० या २.२ मीटरपर्यंत येतात. कॅननच्या आरएफ (मिररलेससाठीच्या) ८०० एफ/११ ला तर सहा मीटर लागतात; आमच्या हॉलच्या एका टोकाला उभं राहिलो तरी खिडकीवरचा पक्षी तिला दिसणार नाही.

वहीतल्या 'जागा' या रकान्याकडे परत बघा. सत्तर टक्के फोटो जिथले असतील, त्या जागेसाठी लेन्स घ्या. वर्षातून एकदा भरतपूरला जाणार म्हणून नव्हे.

४. एफचा आकडा आणि लेन्सचं वजन

६०० एमएमला एफ/६.३ मिळवायचा तर पुढची काच साधारण ९५ मिलिमीटरची लागते: ६०० भागिले ६.३. एफ/४ करायचा तर १५०. हा भागाकार एकदा कळला की लेन्स जाड, जड आणि महाग का होतात ते वेगळं सांगावं लागत नाही, आणि 'हलकी, स्वस्त, लांब आणि भरपूर उजेडाची' अशी लेन्स शोधण्यात वेळही जात नाही. चारातल्या दोन मिळतात, नशीब असेल तर अडीच.

एफ/५.६ आणि एफ/६.३ यांत फरक नगण्य आहे. एफ/५.६ आणि एफ/११ यांत चौपट. एफ/११ वाईट असं नाही: कॅननची आरएफ ६०० एफ/११ फक्त ९३० ग्रॅमची आहे आणि उन्हातल्या खाडीवर आयएसओ १६०० ठेवून छान चालते. पण ती उजेडात वापरायची लेन्स आहे, येऊरला नेऊ नका.

आता वजन. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० दोन किलोच्या आसपास. निकॉन २००-५०० कॉलरसकट (ट्रायपॉडला जोडायच्या कड्यासकट) २.३ किलो. सोनी २००-६०० दोन किलोच्या वर. कॅननची आरएफ १००-५०० कॉलरशिवाय १३६५ ग्रॅम. वर बॉडी, पाण्याची बाटली, डबा. दुकानात दोन मिनिटं उचललेली लेन्स कुणालाच जड वाटत नाही.

म्हणून घरी ही परीक्षा घ्या: दोन किलो तांदूळ एका पिशवीत भरा, वर कॅमेऱ्याच्या वजनाएवढं काहीतरी ठेवा, डावा तळहात खाली देऊन डोळ्याच्या उंचीवर धरा. घड्याळ लावा. पक्षी उडेल म्हणून वाट बघत थांबलेला माणूस मिनिट-दीड मिनिट असाच उभा असतो. हात थरथरायला लागला की समजा. शिवाय विचार करा की तुम्ही जाता कशाने. मी बरीच वर्षं ठाण्याहून ऐरोली-नेरुळला ट्रान्स-हार्बर लोकलने जातो. सकाळी पहिल्या गाड्यांना जागा असते. परतताना बॅग पुढे छातीशी घेऊन दाराजवळ उभं राहावं लागतं. आमच्या सोबतच्या एका काकूंनी मोठ्या हौसेने १५०-६०० घेतली आणि चार महिन्यांत विकली. आता त्या कॅननची साडेसहाशे ग्रॅमची आरएफ १००-४०० घेऊन प्रत्येक रविवारी येतात, आणि त्यांचे फोटो आम्हा सगळ्यांपेक्षा चांगले असतात, कारण त्या येतात.

५. तुमच्या कॅमेऱ्याला काय बसतं

निकॉन किंवा कॅननचा डीएसएलआर असेल तर सध्या चांदी आहे. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे जुन्या माउंटच्या उत्तम लेन्स वापरलेल्या बाजारात आल्या आहेत. निकॉनवाल्यांना माझा पहिला सल्ला २००-५०० एफ/५.६. जड आहे, फोकस विजेसारखा नाही, पण पूर्ण झूमवर एफ/५.६ आणि काच सुरेख. कॅननवाल्यांनी सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० बघावी, किंवा वजनाची भीती असेल तर ईएफ १००-४०० ची दुसरी आवृत्ती. ती मीटरभर जवळही फोकस करते. पक्ष्यांबरोबर फुलपाखरंही होतात.

निकॉनच्या डी३५००, डी५६०० सारख्या बॉडींना एक अडचण आहे: त्यांच्यात फोकसची मोटर नसते. जुन्या एएफ-डी प्रकारच्या लेन्स त्यांच्यावर बसतात, पण ऑटोफोकस होत नाही. वापरलेल्या बाजारात स्वस्त दिसणारी जुनी ८०-४०० किंवा ३०० एफ/४ घेण्याआधी तिच्या नावात एएफ-एस (म्हणजे मोटर लेन्समध्येच) आहे का बघा.

मिररलेस निकॉन झेडला २०२३ मध्ये आलेली १८०-६०० बेताच्या किमतीत सगळ्यात सोयीची. झूम करताना तिची लांबी बदलत नाही, त्यामुळे तोल राहतो. सोनीची २००-६०० सुद्धा अशीच. कॅनन आर मालिकेवर अडॅप्टर लावून डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्स व्यवस्थित चालतात, म्हणून ज्यांनी नुकताच मिररलेस घेतला आहे आणि खिसा रिकामा आहे त्यांनी वापरलेली १००-४०० आणि अडॅप्टर असा विचार करावा.

फोटोपेक्षा ओळख आणि नोंद हाच तुमचा हेतू असेल, ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची आहे, तर वेगळं सांगतो: लेन्स घेऊच नका. निकॉन पी९००, पी१००० सारखा ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा, मोठ्या झूमचा) लांबच्या पक्ष्याचा ओळखण्यापुरता फोटो देतो. सेन्सर नखाएवढा असल्याने कमी उजेडात दाणे दाणे दिसतात, उडत्या पक्ष्याला तो पुरत नाही. पण कुरव कोणता आणि सुरय कोणता, हे ठरवायला पुरतो.

६. काय घेऊ नका

ऑनलाइन दुकानात '४२०-८०० एमएम' अशी काळी नळकांडी काही हजारांत दिसतात. वेगवेगळ्या नावांनी विकली जातात, आत माल एकच. फोकस हाताने, एफ/८.३ ते १६, स्थिरता नाही. दुसरी भूल ५०० एमएमच्या मिरर लेन्सची: छोटी, हलकी, एफ/८ वर अडकलेली, फोकस हाताने, आणि मागे पाण्यावरची चमक मेदूवड्यासारखी गोल-गोल दिसते. मी ती घेतली होती. दुकानदाराने 'पाचशे एमएम एवढ्या पैशात कुठे मिळणार' असं म्हटलं होतं आणि ते खरंच होतं. दोन वर्षांत तिने एक बरा फोटो दिला, तोही झोपलेल्या घुबडाचा.

टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावून लांबी वाढवणारा तुकडा, आत्ता नको. १.४ पट वाला एक स्टॉप, म्हणजे निम्मा, उजेड खातो, २ पट वाला दोन. एफ/६.३ च्या लेन्सचा १.४ ने एफ/९ होतो, आणि साध्या डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे आंधळा होतो.

पुढच्या काचेवर ९५ मिलिमीटरचा स्वस्त यूव्ही फिल्टर लावायचा आग्रह दुकानात हमखास होतो. त्याने धार जाते. लेन्सबरोबर आलेला हूड लावा, काचेला तेच संरक्षण पुष्कळ.

७. दोन दिवस भाड्याने

मुंबई-ठाण्यात लेन्स भाड्याने मिळतात; ओळखपत्र आणि अनामत लागते. शनिवार-रविवार घ्या. एक सकाळ खाडी किंवा नेरुळ, दुसरी येऊर. घरी आल्यावर पहिल्या पायरीतली वही पुन्हा भरा: जागा, फोकल लेंथ, शटर, का फसला. ६०० ची लेन्स भाड्याने आणून तुमचे बहुतेक फोटो ३५० ते ४५० मध्ये आले, तर उत्तर मिळालं. लोकांचं मत ऐकण्यापेक्षा हे भाडं स्वस्त पडतं.

८. वापरलेली लेन्स तपासताना

वापरलेल्यासाठी सीएसएमटीजवळचा बोरा बाजार ठाण्याहून आणि वाशी-नेरुळहून थेट लोकलने गाठता येतो. जाताना तुमची बॉडी, मेमरी कार्ड आणि मोबाइलचा टॉर्च न्या.

लेन्स उलटी धरून मागच्या बाजूने टॉर्च मारा आणि पुढून तिरपं बघा. थोडी धूळ सगळ्याच झूम लेन्समध्ये असते, सोडून द्या. कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ किंवा पांढुरकी नक्षी दिसली तर ती बुरशी. उठा. आपल्या दमट हवेत ती पसरतच जाते.

मग बॉडीवर लावा. सगळ्यात लांब टोकाला, अपर्चर पूर्ण उघडं ठेवून, समोरच्या इमारतीवरच्या पाटीचे फोटो काढा. दुकानातल्या भिंतीचे काढून उपयोग नाही. अक्षरं मोठी करून बघा. फोकस थोडा पुढे-मागे जात असेल तर तेही कळेल. डीएसएलआरवर सिग्मा आणि टॅमरॉनच्या अलीकडच्या लेन्स त्यांच्या यूएसबी डॉकने जुळवता येतात, पण किंमत पाडायला हे कारण पुरतं. स्थिरीकरण चालू करून व्ह्यूफाइंडरमधली प्रतिमा 'चिकटते' का बघा. झूमची रिंग फिरवताना कुठे अडकते का. लेन्स खाली तोंड करून धरली की आपोआप लांबते. थोडं चालतं, धपकन नको. माउंटच्या स्क्रूंची खाच झिजलेली असेल तर लेन्स उघडली गेली आहे.

बिल मागा आणि बिलावरचा क्रमांक लेन्सवरच्या क्रमांकाशी जुळवा. नवीन घेतानाही पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी बघा. 'बाहेरून आलेला माल' स्वस्त असतो, पण बिघडला की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दाद लागत नाही. ट्रायपॉड कॉलर आणि हूड आहे का, हेही तेव्हाच. ते वेगळे घ्यायला गेलं की डोळे पांढरे होतात.

९. पहिले चार आठवडे

लेन्स आणली त्याच रविवारी फ्लेमिंगोंकडे पळू नका. आधी तलावपाळीला जा. मासुंदा तलावावर घारी दिवसभर घिरट्या घालतात, मोठ्या आहेत, संथ आहेत आणि माणसांना घाबरत नाहीत. उडता पक्षी पकडायला यांच्यासारखे गुरू नाहीत.

शटर प्राधान्य ठेवा किंवा मॅन्युअलमध्ये आयएसओ ऑटो. बसलेल्या पक्ष्याला १/१०००, उडत्याला १/२००० पासून वर. स्थिरीकरण तुमचा हात सांभाळतं, पक्ष्याचे पंख नाही. फोकस सतत चालणारा, फोटो एकामागोमाग. लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण असेल तर लांबच्या पक्ष्यांसाठी ते लांबवर ठेवा, नाहीतर एकदा निशाणा चुकला की लेन्स जवळपासून लांबपर्यंत शोधत बसते आणि घार तोवर कोपरीला पोचते.

पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच त्रास होतो: ६०० एमएममधून पक्षी सापडतच नाही, नुसतं आभाळ दिसतं. उपाय दोन. झूम मागे घेऊन पक्षी शोधा, मग पुढे जा. किंवा नजर पक्ष्यावर खिळवून ठेवा, मान हलवू नका, आणि कॅमेरा डोळ्यासमोर आणा. डोळा कॅमेऱ्याकडे नेऊ नका. पन्नास-शंभर वेळा केलं की हात आपोआप जागेवर येतो.

धरण्याची पद्धत: डावा हात लेन्सच्या पोटाखाली, जितका पुढे जाईल तितका, कोपर बरगडीला टेकलेलं. लेन्सच्या ट्रायपॉड कॉलरचा पाय वर फिरवून ठेवला तर तळहाताला टोचत नाही, आणि चालताना तोच मूठ म्हणून धरता येतो. पट्टा कॅमेऱ्याला न लावता लेन्सच्या त्या पायाला लावा. दोन किलोचा भार बॉडीच्या माउंटवर लोंबकळता कामा नये. मोनोपॉड तलावाच्या काठी सोन्यासारखा. बोटीत मात्र नको, इंजिनाची थरथर तो थेट लेन्सपर्यंत पोचवतो.

१०. दमट हवा

एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून लेन्स काढून सरळ खाडीकाठी नेली की काचेवर दव धरतं. ती पुसू नका, पुन्हा धरतं. बॅगेची चेन लावून अर्धा तास तशीच राहू द्या, किंवा घरून निघतानाच गाडीचा एसी बंद ठेवा. खाडीवरून आल्यावर ओलसर मऊ फडक्याने लेन्सचं बाहेरचं अंग पुसा, मग कोरड्याने. खारं वारं धातूला खातं.

लेन्सबरोबर आलेली फोमची पिशवी प्रवासापुरती. पावसाळ्यात तिच्यात लेन्स ठेवून कपाटात टाकली तर गणपतीपर्यंत बुरशी लागते. माझी ती मिरर लेन्स अशीच गेली, आणि खरं सांगायचं तर मला फारसं वाईट वाटलं नाही. ड्राय कॅबिनेट असेल तर आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्के ठेवा. नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, तळाला सिलिका जेल, आत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. जेलचे दाणे रंग बदलले की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतात. ती कढई मात्र वेगळी ठेवा, आमच्या घरी यावरून बराच वाद झाला आहे.